पाळणाघरात आठवडाभर नुसता पिझ्झाच?

‘मॅडम, महिन्याला एवढे पैसे मोजतो आणि तिथे मुलं दिवसभर नुसती खेळतात.’ पाळणाघराबद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की आईने खुर्ची ओढली तरी अंदाज येतो. या वेळी निमित्त पिझ्झ्याचं होतं.

मुलगी चार वर्षांची. इमारतीतल्याच एका काकूंकडे, दोन ते सहा वयाच्या सात-आठ मुलांत दिवसभर असते. काकूंनी आठवडाभर ‘पिझ्झाचं दुकान’ मांडलं होतं.

‘शेजारची तिच्याच वयाची एबीसीडी लिहिते. ही सोफ्याच्या उशीवर कागदाचं चीज भुरभुरते!’

‘काकूंकडे काय काय केलं तिने?’

‘काय माहीत. मी रोज विचारते, आज काय शिकवलं? म्हणते, काही नाही.’

मी एकच काम दिलं. एका संध्याकाळी गिऱ्हाईक व्हायचं. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, नुसती ऑर्डर द्यायची.

पुढच्या भेटीत तिने पर्समधून एक चुरगळलेला कागद काढला. वर नागमोडी गिरगट, खाली चार उभ्या रेघा. ‘मी म्हटलं, ऑलिव्ह नको. तिने हे खरडलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: एक पिझ्झा, ऑलिव्ह नाही, आईला चार तुकडे. रेघा मोजल्या हो तिने! मग म्हणाली, बाबा उशिरा येणार, त्याचे चार झाकून ठेवू.’ बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. ‘हे तिला शिकवलं कोणी?’

हा कागद मला कुठल्याही प्रगतिपुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो. बोललेलं कागदावर राहतं आणि पुन्हा वाचता येतं, हे त्या मुलीला कळलंय. अक्षरं त्यानंतरची. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की १९३०च्या सुमारास हेच मांडत होता: लटुपुटीचा खेळ, चित्र आणि लेखन ही एकाच वाटेवरची ठिकाणं. पुठ्ठ्याचा गोल पिझ्झा ‘असतो’ हे ज्याला जमलं, त्याला एक वळण ‘क’ असतं हेही जमतं. मी याच मताची आहे आणि इतक्या मुलांना पाहिल्यावर ते बदलेल असं वाटत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळालाच मध्यभागी ठेवलंय.

घरगुती पाळणाघराची खरी श्रीमंती म्हणजे मिसळलेली वयं. दोन वर्षांचं पिल्लू पिवळा कागद फाडून ‘चीज’ करतं. त्याची बोटं तयार होतात. चारची ऑर्डर घेते. सहाचा बिल करतो आणि गोलाचे अर्धे, पाव, आठ भाग पाडतो. कणीक मळणं, लाटणं सगळ्यांचंच. पेन्सिल धरायची ताकद तिथूनच येते. फक्त कच्ची कणीक तोंडात जाऊ द्यायची नाही, लहानग्यांच्या हाताशी बटणं, मणी ठेवायचे नाहीत आणि खरा पिझ्झा केलाच तर ओव्हन मोठ्यांकडे.

त्या आईला अक्षरांपेक्षा वेगळंच काही बोचत होतं: आपण नसताना लेकीचा दिवस कसा जातो? ‘काय शिकवलं’मध्ये तोच प्रश्न दडलेला असतो, आणि मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही. ‘आज तुझ्या दुकानात कोण आलं होतं?’ विचारा. मग बघा, जेवण गार होईपर्यंत गप्पा संपत नाहीत.

पाळणाघर पारखायचंच असेल तर भिंत बघा. सगळ्या मुलांचे पिझ्झे एकसारखे, टोमॅटो नेमक्या जागी, कडा सुबक? मग ते काकूंनी केलेत, ग्रुपवर फोटो टाकायला. एकावर नुसती मिरची, दुसऱ्यावर चीजचा ढीग, तिसरा अर्धवट फाटलेला दिसला, तर खुशाल पैसे भरा.