साखरांबा : वाटी फसवी, वजन खरे

प्रश्न : घरच्या जुन्या वहीत साखरांब्याचे प्रमाण ‘एक वाटी किसाला दीड वाटी साखर, पाक दोनतारी’ असे आहे. तसाच केला तर महिनाभरात तळाशी साखर धरते, किसही चिवट लागतो. साखर कमी केली तेव्हा पावसाळ्यात वर बुडबुडे आले. चुकते कुठे? – वाचक, डोंबिवली

उत्तर : वाटीत. किस भुरभुरून भरला तर वाटीत १०० ग्रॅमच्या आसपास मावतो, दाबून भरला तर १५० ग्रॅम. साखरेची तीच वाटी मात्र २०० ग्रॅमची. त्यामुळे ‘दीड वाटी साखर’ कधी किसाच्या दुप्पट होते, तर कधी तिप्पट. वहीत लिहिणारीचा हात कसा पडायचा, हे वही सांगत नाही! तेव्हा वजन करा : सोललेल्या कैरीच्या ५०० ग्रॅम किसाला ६२५ ग्रॅम साखर. कैरी फार आंबट असेल तर ७५०.

चिवटपणाचे कारण वेगळे. कच्च्या किसावर साखर पडली की ती त्यातले पाणी ओढून घेते, किस आकसतो आणि मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. म्हणून किस आधी कुकरमध्ये शिटी न लावता ८ ते १० मिनिटे वाफवून घ्या. साखर त्यानंतर घाला.

साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवा, पुढे मध्यम. पाक एकतारी झाला, म्हणजे दोन बोटांत धरून ताणल्यावर त्याची एक तार निघाली, की गॅस बंद करा (थर्मामीटर असल्यास १०५ अंश सेल्सिअस). गरम असताना थोडा सैलच वाटला पाहिजे. थंड झाल्यावर तो आळतो. दोनतारीपर्यंत नेलात तर साखर धरणारच. कैरीतल्या आम्लामुळे शिजताना थोडी साखर फुटून तिच्या दोन साध्या साखरा होतात, त्या खडे जमू देत नाहीत. तोतापुरी आंबटपणात कमी पडते, म्हणून तिच्यात साखरेबरोबरच दोन चमचे लिंबाचा रस घाला. वेलदोड्याची पूड आणि केशर गॅस बंद केल्यावर.

आता धरलेल्या साखरांब्यात २-३ मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर सगळे खडे विरघळवा. कडेला चिकटलेलेही खरवडून घ्या, कारण एक खडा राहिला तरी त्याभोवती पुन्हा साखर जमते. बुडबुडे आलेला, आंबूस वासाचा साखरांबा मात्र टाकून द्या, उकळून वाचवायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : याच मापाने गुळांबा होईल का? – वाचक, सातारा

उत्तर : होईल, साखरेच्या वजनाइतकाच गूळ. पण गुळात बारीक कचरा असतो, तो थेट किसात घालू नका. अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळांबा सहसा साखर धरत नाही. ओल मात्र लवकर ओढतो, तेव्हा बरणी कोरडी हवी आणि चमचाही.