लिथियम-७ आणि बेरिलियम-७ च्या केंद्रकांच्या ऊर्जा-पातळ्या जुळत नाहीत, मग आयसोस्पिन सममिती (प्रबळ बलाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखेच असणं) मोडली का? आणि नाशिकमध्ये बसून यातलं काही मोजता येईल का?

तुमचा मुद्दा असा: लिथियम-७ मध्ये तीन प्रोटॉन नि चार न्यूट्रॉन, बेरिलियम-७ मध्ये नेमकं उलट; अशा जोडीला आरसा-केंद्रकं म्हणतात. केंद्रक बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाला प्रोटॉन नि न्यूट्रॉन सारखेच असतील, तर पहिली उत्तेजित पातळी दोन्हीकडे एकाच ऊर्जेला हवी. मग तक्त्यात एकीकडे ४७८ आणि दुसरीकडे ४२९ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) कसं?

सममिती मोडलेली नाही. दोन्हीकडे तळाची पातळी ३/२ ऋण आणि तिच्यावरची १/२ ऋण (आकडा स्पिनचा, म्हणजे कोनीय संवेगाचा; ऋण-धन पॅरिटीचं, म्हणजे सगळ्या दिशा उलटल्यावर तरंगफलाचं चिन्ह बदलतं का याचं); क्रम, स्पिन, पॅरिटी तंतोतंत जुळतात. उरलेला फरक मुख्यतः प्रोटॉनांच्या आपसातल्या विद्युत प्रतिकर्षणाचा. आणि तोही पूर्ण दिसत नाही, कारण उत्तेजन ऊर्जा आपण ज्या त्या केंद्रकाच्या तळापासून मोजतो, त्यात प्रतिकर्षणाचा मोठा भाग वजा होऊन जातो. तळाच्या आणि वरच्या अवस्थेत प्रोटॉनांचा पसारा किती बदलला, एवढाच हिशोब शिल्लक राहतो. म्हणून एमएस्सीच्या मुलांना मी सांगतो, फरक दिसला म्हणून थांबू नका, किती दिसला आणि कुठल्या पातळीत दिसला ते बघा.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१३. ३/२ ऋण पातळी कार्बनमध्ये ३.६८ एमईव्हीला (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही), नायट्रोजनमध्ये ३.५० ला, फरक सुमारे १८० केईव्ही. तिच्या शेजारचीच १/२ धन पातळी मात्र ३.०९ वरून थेट २.३७ वर येते, म्हणजे तब्बल ७२० केईव्ही खाली! कारण या पातळीतला शेवटचा कण एस कक्षेत, म्हणजे शून्य कोनीय संवेगाच्या कक्षेत असतो, त्याला कोनीय संवेगाचा अडथळा नसतो. नायट्रोजनमध्ये प्रोटॉन सुटायला १.९४ एमईव्ही पुरतात, म्हणजे ही पातळी बंधनाच्या वरच आहे. तिथला प्रोटॉन लांबवर पसरतो, बाकीच्या सहा प्रोटॉनांचा रेटा त्याला कमी लागतो आणि पातळी खाली येते. याला थॉमस-एर्मन शिफ्ट म्हणतात. मोजायची पद्धतही त्यामुळे बदलते. कार्बनची ही पातळी गॅमा किरणातून सरळ मिळते. नायट्रोजनच्या पातळीतून मात्र बहुतेक वेळा प्रोटॉनच निघून जातो. म्हणून कार्बन-१२ च्या पातळ पापुद्र्यावर प्रोटॉन सोडतात आणि ४६० केईव्हीच्या आसपास येणारा रेझोनन्स (त्या ऊर्जेला अभिक्रिया एकदम वाढते ती जागा) पकडतात.

विद्युतबलाचा हिशोब चोख केल्यावरही थोडी तूट राहते. नोलेन आणि शिफर यांनी १९६९ मध्ये ती आरसा-केंद्रकांच्या तळाच्या ऊर्जांमध्ये दाखवली. अप आणि डाउन क्वार्कची वस्तुमानं समान नसल्यामुळे प्रबळ बलातही बारीकसा भेद आहे, त्याचा माग या तुटीत काढतात. सममितीची खरी परीक्षा इथे आहे.

आता नाशिक. लिथियमच्या ४७८ केईव्ही गॅमाची रेषा इथल्या पावसात असते! वैश्विक किरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांचे तुकडे करतात, त्यात बेरिलियम-७ तयार होतं आणि पावसाबरोबर गच्चीवर पडतं. अर्धायुष्य ५३ दिवस. साधारण दहातला एक ऱ्हास लिथियम-७ च्या उत्तेजित पातळीत जातो आणि तिथून हा गॅमा निघतो. पण कॉलेजातल्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर ती दिसेल ही आशा ठेवू नका. आमच्या लॅबमध्ये सीझियमच्या ६६२ केईव्ही गॅमाचं पीकच (आलेखावरचं शिखर) सुमारे ४५ केईव्ही रुंद येतं, आणि ४७८ च्या जवळच ५११ चं पीक (पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हाच्या गॅमाचं) ठाण मांडून बसलेलं असतं. द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला जर्मेनियम डिटेक्टर हवा, भोवती शिशाची भिंत हवी आणि मोजणी बराच वेळ चालू ठेवायची तयारी हवी. मग ती रेषा अगदी बारीक, सुटी दिसते.

बेरिलियमच्या ४२९ च्या रेषेसाठी मात्र त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) लागणारच. बोरॉन-१० वर प्रोटॉन आदळला की अल्फा कण सुटतो आणि उत्तेजित बेरिलियम-७ मागे राहतं. ते धावता धावताच गॅमा सोडतं, त्यामुळे जर्मेनियममध्येसुद्धा रेषा डॉप्लरने (केंद्रकाच्या वेगामुळे गॅमाची ऊर्जा कमीजास्त दिसल्याने) फुगलेली येते. तिचा मध्य काढताना डिटेक्टर झोताशी किती अंशांत आहे हे आधी लिहून ठेवा.