खारं पाणी, खारा वारा : वाचकांचे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या मंडळाला पावसाळ्यात खाडीकाठी पाचशे तिवरं (खारफुटीची झाडं) लावायची आहेत. ओहोटीला समोर भला मोठा मोकळा चिखल दिसतो, तिथेच लावावीत असा विचार आहे. बिया कशा जमवायच्या?

त्या मोकळ्या चिखलात कृपा करून एकही रोप लावू नका. ती जागा ओसाड नाही. छोटा रोहित (फ्लेमिंगो) त्याच चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो. तुतवार आणि इतर चिखलपक्षी तिथेच किडे, अळ्या, बारीक खेकडे टिपतात. या पक्ष्यांना चारी बाजूंनी उघडी जागा लागते. झाडी उभी राहिली की ते तिथे उतरत नाहीत. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, त्यात या चिखलाचा मोठा वाटा आहे.

शिवाय ती रोपं जगणारही नाहीत. तिवराचं रोप दिवसातले बरेच तास बुडालेलं राहिलं तर गुदमरतं. खोडाला बार्नकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटतात, त्यांच्या वजनाने रोप वाकतं आणि भरतीबरोबर वाहत आलेली एखादी पिशवी अडकली की मुळासकट निघतं. तिवराची खरी जागा वर आहे, सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात.

आणि त्या पट्ट्यात भरतीचं पाणी नीट येत-जात असेल तर बिया पाण्यावर तरंगत येऊन आपोआप रुजतात. जिथे रुजत नाहीत, तिथे आधी कारण शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी राडारोडा टाकून पातळी उंचावलेली असते, नाहीतर बांध घालून पाणी अडवलेलं असतं. अडलेलं पाणी मोकळं झालं की दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसतो. हे काम स्वतः फावडं घेऊन करायचं नाही. बरीचशी कांदळवनं (खारफुटीची जंगलं) राखीव वन आहेत, त्यामुळे लागवड असो वा खोदकाम, वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या. राडारोडा पडताना दिसला तर फोटो, तारीख आणि ठिकाण लिहून लेखी तक्रार करा. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितलं. तक्रारीत याचा उल्लेख करा.

परवानगी आणि योग्य जागा दोन्ही मिळाली तर रीत अशी. तिवराची चपटी, राखाडी-हिरवी फळं पावसाळ्यात पिकून पडतात. झाडावरून ओरबाडू नका, खाली पडलेली किंवा हात लावताच सुटणारी घ्या. रात्रभर पाण्यात ठेवली की साल सुटते आणि आत घडी घातलेली दोन जाड दलं दिसतात. किडीची भोकं असलेली फेकून द्या. खाडीचाच चिखल भरलेल्या पिशवीत बी पुरायचं नाही, मुळाचं टोक खाली येईल असं नुसतं चिखलात दाबून बसवायचं. खोल पुरलं की कुजतं. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची रीत वेगळी आहे. त्याचा लांब शेंगेसारखा अंकुर उभा धरून एक तृतीयांश चिखलात रोवतात.

मंडळाकडे माणसं भरपूर असतील तर लागवडीपेक्षा श्वसनमुळं मोकळी करण्याचं काम जास्त उपयोगी पडेल. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ही मुळं बारीक छिद्रांतून हवा घेतात. पिशव्या आणि चिंध्या गुंडाळल्या गेल्या की झाडाचा श्वास कोंडतो. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरुवात करा आणि पाणी फिरलं की बाहेर या. दाताळं वापरलं तर मुळंच मोडतात, म्हणून हातमोजे घालून हातानेच काढायचं. चपला चिखलात राहतात, घट्ट बसणारे बूट हवेत.

प्रश्न : वर्सोव्याला समुद्रापासून दोनशे मीटरवर आमची सोसायटी आहे. गेल्या पावसात गुलमोहर पडला. त्या जागी इथलं कोणतं झाड टिकेल?

समुद्राच्या बाजूला उंडी, फाटकाजवळ सावलीसाठी करंज. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. उंडी, करंज आणि भेंड ही मात्र आपल्या किनाऱ्याचीच झाडं आहेत. उंडीचं जाड, चकचकीत पान खारा वारा सोसतं. ती सावकाश वाढते आणि तिची गोल, टणक फळं गाड्यांवर पडतात, तेव्हा पार्किंगच्या वर लावू नका. भेंड लवकर वाढतो, पण फांद्या खालपासून फुटतात. त्याला कुंपणाकडेची जागा बरी.

खड्डा लांबी, रुंदी, खोली तिन्ही बाजूंनी एक मीटरचा घ्या. मुंबईत बरीच जमीन भरावाची आहे, खाली विटा आणि काँक्रीट निघतं. ते उपसल्याशिवाय माती भरलीत तर मुळं तिथेच अडतील. पाच-सहा फुटी रोप घ्या, पिशवीत गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी करा आणि खोडाची मान (जिथून मुळं सुरू होतात ती जागा) जमिनीच्या पातळीलाच ठेवा. पहिले दोन पावसाळे समुद्राच्या बाजूला हिरवी जाळी बांधा, नाहीतर कोवळी पानं कडेने जळतात. दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी द्या. खोडाभोवती किमान एक मीटर चौरस माती उघडी राहिलीच पाहिजे. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि असंच झाड पुढे वादळात पडतं.

करंजाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतील. त्या सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, झाडाला फारसा अपाय होत नाही. फवारणी करू नका.

प्रश्न : गॅलरीत कढीपत्ता लावला. फुलपाखरू अंडी घालतं, पण अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून मरतात. का?

रोप नर्सरीतून नुकतंच आणलं असेल तर पहिला संशय कीटकनाशकाचा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या रसात भिनतं, पान धुऊन जात नाही. रोप आणल्यावर शेंडे छाटा, दोन-तीन महिने नवी पालवी येऊ द्या आणि घरात कडुनिंब तेलसुद्धा फवारू नका. कुंडी बारा ते चौदा इंची आणि ऊन चार तास तरी हवं.

ही बहुधा कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी. आधी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते. डिवचलं की डोक्यामागून लाल शिंग काढून उग्र वास सोडते. दोन फुटी रोपावर तीनच अळ्या ठेवा, बाकीच्या लिंबाच्या रोपावर हलवा. पूर्ण वाढलेली अळी एक दिवस पातळ शी करून कुंडी सोडते आणि ग्रीलवर किंवा भिंतीवर कमरेला रेशमाचा धागा बांधून कोश करते. अळी पळाली असं वाटून शोधत बसू नका, फक्त त्या आठवड्यात ग्रील पुसू नका. दहा-बारा दिवसांत फुलपाखरू निघतं.

तुमच्याकडे पानफुटी असेल आणि पानांवर पांढुरके, पारदर्शक डाग दिसले तर ते पान उजेडासमोर धरा. आत रेड पिएरो या फुलपाखराची अळी हलताना दिसेल. लोक बुरशी समजून अशी पानं काढून टाकतात.

प्रश्न : संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी पुन्हा कधी फुलणार?

2016 आणि 2024 मध्ये ती फुलली. आठ वर्षांचं चक्र पाहता आता 2032, पावसाळा सरता सरता. फुलून गेलेली झुडपं वाळतात. ती मेली म्हणून कुणी तोडू नये. सुकलेली बोंडं पहिल्या पावसात भिजली की फुटतात, बी उडतं आणि ओल्या मातीत रुजतं.

प्रश्न : इमारतीमागच्या खाजणात रात्री कोल्हेकुई ऐकू येते. मुलांना धोका आहे का?

कोल्हा कांदळवनाच्या कडेने राहतो. खेकडे, मासे, उंदीर आणि फळं हा त्याचा आहार, माणूस दिसला की तो निघून जातो. त्याला खाऊ घालू नका आणि कचऱ्याचे डबे रात्री झाकून ठेवा, कारण उकिरड्यावर भटके कुत्रे येतात आणि त्यांच्याकडून कोल्ह्याला रेबीजची लागण होते. भरदिवसा अडखळत चालणारा, लाळ गळणारा किंवा माणसांच्या अंगावर येणारा कोल्हा दिसला तर मुलांना आत घ्या आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही मागून घ्या.