दोन खडकांमधली वाट : परराष्ट्र धोरण शिकून पोट भरेल का?

देवगडच्या पालकांस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकते, दक्षिण चीन समुद्रातील चीन-अमेरिका स्पर्धा आणि इंडोनेशिया या विषयावर तिने महाविद्यालयात निबंध वाचला आणि आता पुढेही हेच करायचे म्हणते, असे आपण लिहिले आहे. आपल्या स्वतःच्या दोन यांत्रिक नौका आहेत. ‘मोठे देश सांगतील तसे लहानांनी वागायचे, त्यात धोरण ते कसले, आणि ते शिकून पोट तरी कसे भरणार?’ हा आपला प्रश्न रोखठोक आहे. त्याचा पहिला भाग मला पटत नाही, दुसऱ्याबद्दल मात्र आपली काळजी रास्त आहे.

1948 साली, इंडोनेशिया अजून डचांशी लढत असताना, तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हत्ता यांनी आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचे वर्णन ‘दोन खडकांमधून वल्हवत जाणे’ असे केले; खडक म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया. दोन्ही खडकांपासून सारखे अंतर राखले की नाव पार होते, असे नसते, हे आपल्याला मी सांगायला नको. पाण्याची ओढ कोणत्या बाजूला आहे, हे पाहून दर क्षणी वल्हे बदलावे लागते. हे वल्हवणे प्रत्यक्षात कोणी केले, ते पाहिले म्हणजे आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

स्वातंत्र्यानंतरही तिथे 1939 चा डच कायदा लागू होता आणि त्यानुसार प्रत्येक बेटाभोवती फक्त 3 सागरी मैलांचे पाणी देशाचे होते. सतरा हजारांवर बेटांच्या त्या देशात जावा आणि बोर्निओ यांच्या मधल्या समुद्रातून कोणाचीही युद्धनौका बिनदिक्कत जाऊ शकत होती. 13 डिसेंबर 1957 रोजी पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने जाहीर केले की सर्वांत बाहेरची बेटे सरळ रेषांनी जोडली जातील आणि त्या रेषांच्या आतले सारे पाणी इंडोनेशियाचे असेल. या कल्पनेची कायदेशीर मांडणी करणारे मोख्तार कुसुमात्माजा तेव्हा अवघे 28 वर्षांचे होते. अमेरिकेसह अनेक सागरी राष्ट्रांनी ती घोषणा नाकारली. इंडोनेशियाकडे तेव्हा ती बळाने लादण्याइतके आरमार नव्हते. माणसे होती, आणि ती परिषदांमागून परिषदांत आपला मुद्दा मांडत राहिली. महासत्तांना जहाजांसाठी वाट हवी होती, ती नेमून दिलेल्या मार्गांनी देण्याची तयारी इंडोनेशियाने दाखवली आणि बदल्यात 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात ‘द्वीपसमूह राष्ट्र’ ही संकल्पना मान्य करून घेतली. पंचवीस वर्षांत, एकही लढाई न करता, केवळ मसुद्याच्या बळावर देशाचे पाणी कितीतरी पटींनी वाढले. तोवर मोख्तार परराष्ट्रमंत्री झालेले होते.

आजचे वल्हवणे अधिक अवघड आहे. दक्षिण चीन समुद्रातील इंडोनेशियाच्या नातुना बेटांच्या उत्तरेला त्या देशाचे 200 सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथले मासे आणि खनिजे केवळ त्याची असा पट्टा, आणि चीन ज्या रेषेने जवळजवळ सारा समुद्र आपला म्हणतो ती नकाशावरील तुटक रेषा एकमेकांवर चढतात. 2019 च्या अखेरीस चिनी मासेमारी नौका चीनच्याच तटरक्षक जहाजांच्या संरक्षणात तिथे आल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः नातुनाला जाऊन उभे राहिले. मे 2020 मध्ये इंडोनेशियाने संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून ती रेषा अमान्य असल्याचे कळवले आणि त्यासाठी फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या दाव्यात त्या रेषेला कायदेशीर आधार नाही असे ठरवणाऱ्या 2016 च्या लवाद निकालाचा आधार घेतला, हे त्याच सावध कायदेशीर परंपरेतले होते. त्याच देशात चीनच्या मदतीने बांधलेली जाकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे धावते, अमेरिकेबरोबर दरवर्षी मोठे लष्करी सराव होतात आणि लढाऊ विमाने फ्रान्सकडून घेतली जातात. तोलही कधीकधी जातो. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो यांच्या बीजिंग भेटीतील संयुक्त निवेदनात ‘परस्परांवर चढणारे दावे’ असे शब्द आले. चीनचा तिथे कायदेशीर दावाच नाही, तेव्हा दावे एकमेकांवर चढण्याचा प्रश्नच येत नाही, ही इंडोनेशियाची जुनी भूमिका असल्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाला लगेच खुलासा करावा लागला. दोन-तीन शब्दांनी केवढी पंचाईत होते, हे ज्याला त्या कागदावर बोट ठेवून दाखवता येते, त्या माणसाला या क्षेत्रात किंमत आहे.

म्हणूनच कन्येच्या निबंधाबद्दल थोडे परखड लिहितो. आपण पाठवलेल्या प्रतीत ‘महासत्तांची रस्सीखेच’ पानोपानी आहे, पण सागरी कायद्याचे एकही कलम नाही. असे लिहिणारे उदंड आहेत आणि त्यांना नोकरी मिळणे कठीण आहे. एक देश, त्याची भाषा आणि सागरी कायदा, ही तिन्ही एकत्र जाणणारी माणसे मात्र आपल्याकडे थोडी आहेत.

आता पोटाचा प्रश्न. परराष्ट्र सेवेचा रस्ता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो, जागा दरवर्षी मोजक्या असतात, आणि केवळ त्या एका आशेवर पाच-सहा वर्षे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संशोधन संस्थांमधील, उदाहरणार्थ दिल्लीच्या नॅशनल मेरिटाइम फाउंडेशनमधील, कामाचा अनुभव मोलाचा असतो. परंतु अशा संस्थांतील सुरुवातीच्या जागा बहुधा मुदतीच्या असतात आणि त्यावर घर चालेल असे धरून चालू नये. त्यामुळे मी पदवीनंतर तीन वर्षांचे विधी शिक्षण सुचवतो. त्याची राज्य सामाईक प्रवेश परीक्षा तिने यंदाच द्यावी आणि पुढे सागरी कायद्यात पदव्युत्तर अभ्यास करावा. नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, जहाज कंपन्या, सागरी विमा आणि जहाजांच्या दाव्यांवर चालणारी वकिलीही तिथेच आहे. नागरी सेवेत यश आले नाही तरी हातातली विद्या वाया जात नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकण्याचा पर्याय चांगलाच आहे, पण आपल्या घरची परिस्थिती वाचून मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

भाषेची भीती बाळगू नये. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात, क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत आणि ‘बहासा’ म्हणजे आपलीच ‘भाषा’ आहे. तिथल्या नौदलाचे ब्रीदवाक्यदेखील ‘जलेष्वेव जयामहे’ असे संस्कृत आहे. परदेशी विद्यार्थ्यांना भाषा आणि कला शिकण्यासाठी इंडोनेशियाचे सरकार ‘दर्मासिस्वा’ नावाची शिष्यवृत्ती देते. तिची चौकशी मुंबईतील इंडोनेशियाच्या वाणिज्य दूतावासात करावी.

एक गोष्ट आपल्याकडूनही हवी आहे. परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर, 12 सागरी मैलांची राज्याची हद्द आणि गस्तीनौका वेळेवर न येणे यांबद्दल आपण पत्राच्या शेवटी त्राग्याने चार ओळी लिहिल्या आहेत. नातुनाचे मच्छीमारही परक्या ट्रॉलरबद्दल अशीच तक्रार करतात. व्हिएतनामबरोबर तिथल्या आर्थिक क्षेत्राची सीमा ठरवायला इंडोनेशियाला बारा वर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या, तेव्हा कुठे डिसेंबर 2022 मध्ये बोलणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. आपल्या कन्येने हा विषय ग्रंथालयात नव्हे, जेटीवर पाहिलेला आहे, आणि निबंधात नेमके तेच उतरलेले नाही.

तिला 1982 च्या कराराचा चौथा भाग, म्हणजे कलमे 46 ते 54, मुळातून वाचायला सांगावे. त्यातील कलम 51 शेजारी देशांच्या पारंपरिक मासेमारीच्या हक्कांबद्दल आहे. ते तिने आपल्याला मराठीत समजावून द्यावे, आणि आपल्याला त्यात काय खटकते ते उत्तरी कळवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक