सुट्टीच्या दिवशी न दुखणारं पोट

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोनेक महिने झाले, शाळेच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं, मळमळतं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल. सुट्टीला काहीच होत नाही. रात्री परत परत विचारते, ‘आई, तू मला घ्यायला वेळेवर येशील ना?’ नवरा म्हणतो, नाटकं आहेत. मला तिचं रडणं बघवत नाही, मी घरी ठेवते. कोणाचं बरोबर?

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, दोघांचंही नाही.

नाटक तर नाहीच. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक वाढतं, पचन मंदावतं आणि पोटात खरोखर कळ येते. परीक्षेच्या दिवशी मोठ्यांनाही संडासला पळावं लागतंच की! या वयात ‘मला चिंता वाटते’ असं नेमकं सांगणं बऱ्याच मुलांना जमत नाही. मग पोट दुखतं, डोकं दुखतं, झोप उडते. काही मुलं नुसती चिडचिड करतात आणि ‘हट्टी’ ठरतात.

पण तुम्ही घरी ठेवलंत की थोड्या वेळात तिला बरं वाटतं, आणि शाळा टाळली म्हणून आपण वाचलो, एवढंच तिच्या मनात पक्कं होतं. पुढच्या सकाळी भीती जास्त जोरात येते. त्या प्रश्नाचंही तेच. प्रत्येक ‘हो गं, येणार’ तिला घटकाभर पुरतं, की पुन्हा विचारणं आलंच.

आधी शाळेत काय चाललंय ते बघा. कोणी चिडवतं का, मारतं का, एखादा विषय डोक्यावरून जातो का, बाईंची भीती वाटते का? समोर बसवून उलटतपासणी नको. चालता-चालता विचारलं तर मुलं जास्त बोलतात. छळ होत असेल, तर तो शाळेशी बोलून थांबवायला हवा. तिला ‘धीट हो’ सांगून काही होणार नाही.

तसं काही नसेल, तर शाळा चालू ठेवा. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. फारच जड जात असेल तर सुरुवातीला अर्धा दिवस, मग पूर्ण. सकाळी एवढंच म्हणा, ‘पोट दुखतंय, कळतंय मला. भीती वाटतेय ना? तरी आपण जाणार आहोत.’ फाटकाशी निरोप लांबवू नका. तुमचा पाय निघत नसेल, तर काही दिवस सोडायचं काम नवऱ्याकडे द्या, फक्त ‘नाटकं’ हा शब्द बंद. रात्रीच्या प्रश्नाला एकदाच उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर, ‘याचं उत्तर तुला माहीत आहे,’ म्हणा आणि जवळ घ्या. पहिले काही दिवस रडारड वाढेल, तेव्हा माघार घेऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे भीतीचे विचार आणि टाळण्याची सवय हळूहळू बदलायला शिकवणं) या समुपदेशनाचा मुलांच्या चिंतेवर चांगला उपयोग होतो, आणि त्यात आईवडिलांनाही बसवून शिकवतात. मात्र तिनं खाणं सोडलं किंवा ‘जगायचं नाही’ असं काही बोलली, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.