दिवाणखाना नंतर बघा, आधी बाथरूम बघा

प्रश्न: ताई, आम्ही दोघं साठीला टेकलोय, मुलगा परदेशात. पाचपाखाडीतला टू बीएचके आणि नौपाड्यातलं दुकान विकून फोर्टमध्ये वन बीएचके घ्यायचं मनात आहे. बिल्डिंग जुनी, दगडी, शंभर वर्षांच्या वरची. आधी तिथे ऑफिसं होती, आता बिल्डरने आतून सगळं बदलून लक्झरी अपार्टमेंट केलेत. चौदा फुटी छत, सागवानी जिना, हिला तर बघताक्षणी आवडलं. मला मात्र धाकधूक वाटतेय. नेमकं काय तपासू?
(एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर: दादा, वहिनींचं काही चुकलं नाही, ते छत बघून कोणीही भुलेल आणि दाखवणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. तुम्ही सरळ बाथरूममध्ये जा. जुन्या ऑफिसांच्या बिल्डिंगमध्ये संडास-मोऱ्या बहुतेक मागच्या अंगाला एकत्र असायच्या, आता प्रत्येक बेडरूमला अटॅच्ड पाहिजे म्हणून नवीन बाथरूम मधोमध बसवतात आणि त्याखाली बऱ्याचदा जुने सागवानी वासे नाहीतर लोखंडी गर्डर असतात. सागवान कोरडं राहिलं तर आपल्या नातवंडांनाही पुरेल, पण थेंब थेंब पाणी झिरपत राहिलं की भिंतीत घुसलेली वाशांची टोकं आधी कुजतात, गर्डर गंजून फुगतो, आणि वर टाइल्स चकाचक, खाली फॉल्स सीलिंग, म्हणजे कोणाला पत्ताच नाही. म्हणून खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग उघडून दाखवा म्हणायचं, सोबत आपला स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्यायचा (बिल्डरने सुचवलेला नाही हां). वाशाच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो सहज आत गेला तर चहा पिऊन घरी या.

आणि बाथरूमला चढायला पायरी आहे का बघा. स्लॅब खाली घेता येत नाही म्हणून पाइप फरशीवरून नेतात आणि मग जमीन उचलतात. रात्री दोनला उठणाऱ्या माणसाला ती पायरी महागात पडते.

भिंतींचं म्हणाल तर त्या चुन्याच्या. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, वरून सिमेंटचं प्लास्टर मारलं की ती आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे. त्यामुळे कितीही घाई केली तरी टोकन द्यायच्या आधी एकदा भर पावसात जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून या.

एरियाची गंमत वेगळीच. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या मापात, बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण घराच्या आतल्या भिंती धरतात. आपल्याकडे आतली भिंत चार-सहा इंचांची, तिथे दोन फुटांची असू शकते. अशी पंधरा फूट लांब भिंत म्हणजे तीस स्क्वेअर फूट झाले, आणि फोर्टच्या रेटने ते पैसे तुम्ही मोजणार, वर कपाटही ठेवता येणार नाही.

कागदपत्रांत ऑफिसचं घर केल्याची परवानगी, घर म्हणून मिळालेली ओसी (राहायला परवानगी असल्याचा दाखला), आणि बिल्डिंग हेरिटेज यादीत असेल तर कोणत्या ग्रेडची ते बघा. मुंबईत 1995 पासून हे नियम आहेत, ग्रेड 1 ला आतही फारसा हात लावता येत नाही, 3 ला बरीच मोकळीक. पाचपाखाडीत खिडकी बदलायची तर फार तर सेक्रेटरी कुरकुरतो, तिथे दर्शनी बाजूला एसीचं युनिट लावायलाही परवानगी लागू शकते. जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट विकायला काढले असतील तर नूतनीकरण म्हणून रेरा लागत नाही हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका, रेरा नोंदणीचा नंबर मागा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरमधला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो.

काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन आठवा. 1860 च्या दशकातलं वॉटसन हॉटेल, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणलेला, 1896 मध्ये मुंबईतला पहिला सिनेमा तिथेच दाखवला, आणि 2019 मध्ये धोकादायक म्हणून रिकामं करावं लागलं. वय झालं म्हणून नाही हो, देखभालीअभावी. तेव्हा महिन्याचा मेंटेनन्स किती हे विचाराच, पण जिना, गच्ची आणि दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा वेगळा फंड आहे का आणि त्यात आज किती पैसे आहेत ते जास्त खोदून विचारा. उत्तर गोलमोल आलं तर मी तरी घेणार नाही. बाकी सगळं ठीक निघालं तर जा खुशाल, पार्किंगचं मात्र आधीच लिहून घ्या.

प्रश्न: फोर्टमध्ये पगडीची खोली खूप स्वस्त मिळतेय. घेऊ का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: पगडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. नंतर विकताना मालकाची संमती लागते आणि तो आपला हिस्सा घेतो. शिवाय होम लोन सहसा मिळत नाही. स्वस्त आहे ते याचसाठी.