इमारतीआधी जागा : एका कनिष्ठ अभियंत्याला पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत हाताने काढलेला गावाचा नकाशा मिळाला. जुनी कवेलूची (कौलारू) शाळा शिकस्त ठरून तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे दप्तरातून कमी करून पाडण्याचा, प्रस्ताव वर गेला आहे, नव्या दोन वर्गखोल्या आणि त्याच आवारात अंगणवाडी असा विचार चालू आहे, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी दोन जागा सुचवल्या आहेत, एक राज्यमार्गाला लागून असलेली ई-क्लासची, म्हणजे शासकीय, आणि दुसरी नाल्यापलीकडची, दानात मिळू शकणारी, एवढे त्यावरून समजले. तू विचारले आहेस ते नमुना नकाशातल्या खोल्यांच्या मापांविषयी. त्याकडे मी शेवटी येईन. नमुना नकाशा कार्यालयात तयार असतो आणि त्यात फेरफारही करता येतात. चुकीच्या जागी उभी राहिलेली शाळा मात्र पुढच्या दोन पिढ्यांना तशीच सोसावी लागते.

गाव शाळेसाठी जमीन सुचवते तेव्हा ती बहुधा दुसऱ्या कोणाला नको असलेली जमीन असते. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. पिकाखालची जमीन कोणी सोडत नाही, गावठाणात मोकळा तुकडा उरलेला नसतो, म्हणून बोट दाखवले जाते ते उकिरड्याच्या, नाल्याकाठच्या किंवा सडकेच्या कडेच्या जमिनीकडे. अशा वेळी ‘ही जागा चालणार नाही’ असे कारणांसह लेखी देणे हा तुझ्या कामाचाच भाग आहे, आणि माझ्या मते अंदाजपत्रक बनवण्यापेक्षा तो मोठा भाग आहे.

नाल्यापलीकडची जागा आधी घेऊ. शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. तुझ्या नकाशावर ही जागा चारशे मीटरवर दिसते, म्हणजे नियमात सहज बसते. परंतु हे अंतर उन्हाळ्यात कोरड्या नाल्यातून मोजलेले आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्याच्या नंतर, जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी उघडतात, म्हणजे आपल्याकडचे शैक्षणिक वर्ष सुरू होते तेच पावसाबरोबर, आणि पहिलीचे मूल शाळेची वाट शिकते ती नाल्याला पाणी असतानाच. रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) गुडघाभर पाणी वाहत असेल तर मोठा माणूस पलीकडे जातो, सहा वर्षांचे मूल जाऊ शकत नाही आणि त्याने जाऊही नये. पुराच्या बाबतीत ‘इतक्या वर्षांत पाणी इथवर आले नाही’ या वाक्यावर विसंबू नकोस. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि पुढे गाव दुसऱ्या जागी वसवावे लागले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा ते ब्रह्मपुरीपर्यंत शेकडो घरांत शिरले होते. तुझा नाला म्हणजे वैनगंगा नव्हे हे खरे, तरीही गावातल्या वयस्क बायांना, विशेषतः नाल्यावर धुणे धुणाऱ्यांना, पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले होते ते विचार आणि त्या खुणेची पातळी यंत्राने घेऊन ठेव.

सडकेच्या जागेचा मोह अधिक मोठा आहे, कारण तिथे ट्रक सरळ जातो, साहित्य स्वस्तात पोचते आणि इमारत येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. पण वस्ती सडकेच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला असेल, तर प्रत्येक मूल दिवसातून निदान दोनदा तो रस्ता ओलांडणार, आणि मधल्या सुटीत घरी जाणारे चारदा. कापूस वेचणीच्या दिवसांत भरलेल्या गाड्या त्या रस्त्याने कशा धावतात ते तू पाहिलेच आहेस. नाइलाजाने हीच जागा घ्यावी लागली, तर फाटक सडकेवर उघडू देऊ नकोस. ते पांदणीच्या बाजूला घे, किंवा सडकेपासून इतके आत घे की सुटी झाल्यावर धावत सुटलेली मुले फाटकाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात थबकतील. जागेवरून उच्च दाबाची वीजवाहिनी जात असेल, तर पुढचा विचारच करू नकोस.

दोन्ही जागांचे कागद वेगळे आहेत. ई-क्लास जमीन शासनाची असते. तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव हा केवळ आरंभ असतो, जमीन शाळेकडे येते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. अतिक्रमण कुठवर आले आहे ते मोजणी झाल्याशिवाय लिहू नकोस. दानाच्या जमिनीचे नोंदणीकृत दानपत्र होऊन सातबारावर फेरफार झाल्याशिवाय एक फावडाही मारू देऊ नकोस, कारण दान देणारा मनाने मोठा असला तरी त्याच्या वारसांविषयी तशी खात्री देता येत नाही. पुढे तुझी बदली पूर्व विदर्भात झाली, तर सातबारावरची ‘झुडपी जंगल’ ही नोंद आवर्जून पाहा. त्या जमिनीवर प्रत्यक्षात झाड नसले तरी २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला वनजमीन मानले आहे, त्यामुळे वनसंवर्धन कायद्याखालची केंद्राची मंजुरी टाळता येत नाही. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या गावांसाठी एक वाट आहे, जी अनेक अधिकाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही : २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा आणि अंगणवाडी यांसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीवर, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, मात्र हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागता कामा नयेत.

आता मातीविषयी. तुझा तालुका काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षीच्या या हालचालीत उथळ पाया वरखाली होतो आणि तीनचार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मग गिलावा होतो, रंग होतो, आणि भेग पुन्हा दिसते. म्हणून जागा ठरण्याआधी दोन टोकांना आणि मध्ये असे चाचणीचे खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते स्वतः पाहा. मुरूम मीटर-दीड मीटरवर असेल तर पाया तिथवर ने. काळी माती खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, आणि त्यांवर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई, हा उपाय आहे. असे पाइल खोल काळ्या जमिनीत निदान साडेतीन मीटर उतरवतात. अंदाजपत्रकात हा खर्च ‘अनावश्यक’ म्हणून कापला जाण्याची शक्यता असते, तेव्हा खड्ड्यांचे मोजमाप फोटोसह जोड. इमारतीभोवती पाणी न मुरणारा पट्टा कर, छताचे आणि हात धुण्याचे पाणी जोत्यापासून दूर काढ, आणि मोठी होणारी झाडे भिंतीजवळ लावू देऊ नकोस, कारण त्यांची मुळे पायाखालचा ओलावा ओढून घेतात. हीच माती पाणी जिरू देत नसल्याने शोषखड्ड्यांचे संडास पावसाळ्यात तुंबतात. तिथे खड्ड्याभोवती वाळूचा जाड थर लागतो, आणि खड्डा व पिण्याच्या पाण्याचा बोअर यांत मी कधीही पंधरा मीटरपेक्षा कमी अंतर ठेवू देत नसे.

बोअरला पाणी लागले म्हणजे पाण्याची सोय झाली, असा आपल्याकडे समज आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे, आणि अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा पट्टा, आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. लहान मुलांच्या दातांवर आणि हाडांवर याचा परिणाम आयुष्यभरासाठी होतो, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावरच जागा पक्की कर. शाळेचा हातपंप चांगल्या पाण्याचा निघाला की सारे गाव तिथे येते. त्याला आवाराबाहेरूनही पाणी भरता येईल अशी जागा दे, नाहीतर भांडणे शाळेच्या दारात होतील.

उन्हाचा हिशेब आपल्याकडे सोपा आहे आणि तरीही तो बहुतेक शाळांत चुकलेला दिसतो. आपण साधारण २० ते २१ अंश अक्षांशावर आहोत. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेला कलतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीला दोन-अडीच फुटांचा सज्जा पुरतो. पश्चिमेच्या उतरत्या उन्हाला सज्जा अडवू शकत नाही. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेव, खिडक्या उत्तर-दक्षिणेला समोरासमोर घे, आणि पश्चिमेची भिंत बिनखिडकीची ठेव किंवा तिच्यापुढे सामानाची खोली घे. रस्त्याच्या बाजूने दर्शनी भाग हवा म्हणून इमारत फिरवण्याचा आग्रह होईल, त्याला बळी पडू नकोस. टिनाच्या छताखाली एप्रिलमध्ये बसवत नाही आणि पावसात शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही. अंगणवाडीला तर शाळेसारखी लांब उन्हाळी सुटीही नसते. सेवाग्रामला गेलास तर तिथल्या कुट्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि खाली उतरलेली कवेलूची छपरे दुपारी दोनच्या सुमारास पाहा. आज आपण सिमेंटमध्ये बांधत असलो तरी सावलीचे गणित बदललेले नाही. खोलीला जोडून आठ फुटांची ओसरी मिळाली तर तिच्यासाठी बाकी पुष्कळ गोष्टी सोडायला मी तयार असेन, कारण लहान मुलांचा अर्धा दिवस तिथेच जातो.

स्वयंपाकघराबाबत सैल राहू नकोस. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छताला लागून ९४ मुले दगावली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षेबाबत दिलेले निर्देश त्या घटनेतूनच आले. स्वयंपाकघर वर्गांपासून सुटे ठेव, वर्गांच्या खोल्यांना दोन दारे दे आणि ती बाहेर उघडू दे. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून धूर आणि संडासाचा वास वर्गांत येऊ नये यासाठी दोन्ही पूर्वेच्या अंगाला घे. याच वाऱ्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी कोणत्याही तपासणी नमुन्यात मला आढळली नाही : पश्चिमेला लागून कपाशीचे शेत असेल, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे तुषार थेट ओसरीत येतात. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. त्या बाजूला अंतर सोड, दाट कुंपण कर, आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून शेतमालकाशी सुटीच्या दिवशी फवारण्याविषयी बोलून घे. कीटकनाशकाचा डबा रिकामा असला तरी पोषण आहाराच्या कोठीत येता कामा नये. २०१३ मध्ये बिहारमध्ये २३ मुले कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने गेली.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालयासह साहित्याची व मुख्याध्यापकाची खोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि अडथळ्याविना प्रवेश एवढे आहे, आणि ते तुझ्या नमुन्यात आले आहे. नमुन्यात येत नाही ती मुलाची उंची. अंगणवाडीचा नळ पन्नास सेंटिमीटरवर आणि शाळेचा सत्तरवर असू दे, खिडकीचा कट्टा साठ सेंटिमीटरचा ठेव म्हणजे बसलेल्या मुलालाही बाहेरचे दिसेल, फळ्याची खालची कड त्याच्या हाताला येऊ दे, आणि संडासाची कडी पहिलीच्या मुलीला आतून लावता व काढता आली पाहिजे. जोते साठ सेंटिमीटरचे असेल तर एकास बारा उताराने रॅम्प सात मीटरहून थोडा अधिक लांब होतो; ठेकेदार तो तीन मीटरमध्ये बसवू पाहील आणि मग त्यावरून मुले घसरगुंडी खेळतील, चाकाची खुर्ची चढणार नाही. भिंतींवरच्या चित्रांविषयी तू बरेच लिहिले आहेस. ते काम गावातल्या शिक्षकांवर सोड.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नव्हती म्हणून विचारतो. जुन्या शाळेची जागा का सोडायची? जुनी माणसे शाळेसाठी बहुधा गावातला उंचवटा निवडत, ती वस्तीच्या मधोमध आहे, कागद जिल्हा परिषदेच्या नावे आहेत, आणि तिथे पाणी शिरल्याचे तूही लिहिलेले नाहीस. जागा लहान आहे हे कारण ग्रामपंचायत देत असेल, पण वर्गांवर मजला घेऊन खाली अंगणवाडी आणि ओसरी बसते का, हे कोणी मोजून पाहिलेले दिसत नाही. बांधकाम चालू असताना मुले कुठे बसतील हा खरा अडथळा आहे. त्यासाठी समाजमंदिर किती महिने मिळेल आणि तिथे संडास आहे का, ते सरपंचांना विचार. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तिन्ही जागांवर त्या महिलांना घेऊन जा, ठरावाच्या बैठकीपूर्वी.

जुन्या जागेची मोजणी, तिन्ही ठिकाणच्या खड्ड्यांची खोली आणि हातपंपाच्या पाण्याचा अहवाल मला पाठव. त्यानंतर अंदाजपत्रकाला हात लावू.

तुझा शुभचिंतक